पाण्यासाठी आधी पाणी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातले काही तालुके आणि परभणी जिल्ह्यातला परतूर मिळून तो तयार झाला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएम कंपनीनं अमेरिकेत आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मान्य. पण आयुष्यभर वर्गात सनावळ्या शिकवलेल्या माणसाला अशा तारखा शेजारी शेजारी मांडून बघायची खोड असते. तेवढी वाचकांनी चालवून घ्यावी.

नवा जिल्हा पहिल्या दिवशी म्हणजे काय असतो? सरकारी आदेशाचा एक कागद. त्या कागदाच्या आधारानं एक कचेरी उघडते, कचेरी माणसं बोलावते, माणसं कपाटं आणि दप्तरं मागवतात, आणि मग हळूहळू जिल्हा 'चालू' होतो. संगणकाचंही थेट असंच असतं. बटण दाबल्यावर तो लगेच हुशार नसतो. त्याच्याजवळ सुरुवातीला फक्त एक लहानसा कागद असतो. त्या कागदाचा हा इतिहास आहे. त्याला संगणकवाले 'बूट लोडर' म्हणतात.

अडचण मोठी गमतीची आहे. संगणकाला काम करायचं तर ऑपरेटिंग सिस्टिम लागते. ती असते हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क वाचायची तर प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅमही हार्ड डिस्कवरच! मग सुरुवात करायची कुठून?

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवरची मोटार पाणी सोडते तेव्हा नुसतं बटण दाबून उपयोग होत नाही. मोटार फिरते, आवाज करते, पण पाणी येत नाही, कारण पाइपात हवा भरलेली असते. फूट व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तो गळत असला की हे रोजचंच. मग पंपात बादलीनं पाणी ओतायचं, पाइप भरून घ्यायचा, आणि मग बटण दाबायचं. पाणी ओढायला आधी थोडं पाणी लागतं. बूट लोडर म्हणजे ती ओतलेली बादली.

इंग्रजीत यालाच 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलणं, असा त्याचा मूळ अर्थ. अर्थात हे अशक्य काम. १९५०च्या दशकात संगणकावर काम करणाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि पुढे त्याचं नुसतं 'बूट' झालं. आपण "कॉम्प्युटर बूट होतोय" म्हणतो तेव्हा बोलत असतो ते या पट्टीविषयी.

त्या काळी आपल्याकडेही संगणक होता बरं का! मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' नावाचा संगणक १९६० साली पूर्ण झाला. तो इथेच, आपल्या लोकांनी बांधला होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची, आणि त्याला प्रोग्रॅम द्यायचा तो कागदी फितीवर भोकं पाडून. आजच्या साध्या मोबाइलपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण सुरुवात करण्याचा प्रश्न त्यालाही तोच होता आणि आजच्या मोबाइललाही तोच आहे.

१९६५ साली 'पीडीपी-८' नावाचं तुलनेनं लहान यंत्र आलं. त्याच्या पुढच्या फळीवर खटक्यांची रांग होती. यंत्र थंड पडलेलं असेल तर माणसानं ते खटके वर-खाली करून दहा-वीस सूचना हातानं आत घालायच्या. तेवढ्या सूचनांना कागदी फीत वाचण्यापुरतं शहाणपण असे. मग फितीवरून पुढचा मोठा प्रोग्रॅम आत यायचा. त्या सूचना कित्येकांना पाढ्यासारख्या पाठ झालेल्या असत. १९७५च्या 'अल्टेअर ८८००' या यंत्राचंही तसंच. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन आपली 'बेसिक' भाषा दाखवायला विमानानं अल्बुकर्कीला निघाले होते. विमान उतरायच्या बेतात असताना त्यांच्या ध्यानात आलं की, सगळं लिहिलं आहे पण सुरुवातीचा लोडर लिहायचाच राहिला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला. सत्यनारायणाची सगळी तयारी झाली आणि सुपारीचा गणपती मांडायचाच राहिला, तशातली गत!

आयबीएमच्या १९८१च्या यंत्रानं ही खटक्यांची कटकट सामान्य माणसाच्या डोक्यावरून काढली. 'बायोस' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम एका चिपमध्ये कायमचा कोरून ठेवला. बटण दाबलं की तो जागा होतो, कीबोर्ड, मेमरी वगैरे जागेवर आहेत का बघतो, आणि डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा उचलून वाचतो. हा तुकडा ५१२ बाइटांचा. १९८३ मध्ये हार्ड डिस्कसाठी त्याची जी वाटणी ठरली ती अशी : ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांना, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीला, आणि शेवटचे २ बाइट शिक्क्याला. शिक्का नसेल तर सहसा बायोस तो कागद खरा मानत नाही. अगदी तहसील कचेरीसारखं!

४४६ बाइट म्हणजे किती? युनिकोड देवनागरीत लिहायचं म्हटलं तर त्यात दीडशे अक्षरचिन्हंसुद्धा मावत नाहीत. म्हणजे दोन-तीन वाक्यं. एवढ्या जागेत संगणकानं जागं व्हायचं. म्हणून युक्ती अशी केली की पहिल्या तुकड्यानं फक्त दुसऱ्या तुकड्याला हाक मारायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्यानं खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमला.

१९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स आणलं. लवकरच वेर्नर आल्मेसबर्गर यांनी त्याच्यासाठी 'लिलो' नावाचा लोडर लिहिला. लिलोला फाइल म्हणजे काय हे कळत नसे. लिनक्सचा गाभा डिस्कवर कुठकुठल्या ठिकाणी ठेवला आहे त्या जागांची एक यादी तो आधीच टिपून ठेवी. हा असा पोस्टमन होता की ज्याला माणसांची नावं माहीत नाहीत, फक्त 'तिसरी गल्ली, पाचवं घर' माहीत आहे. माणसानं घर बदललं की पत्र चुकलंच. म्हणून लिनक्सचा गाभा बदलला की लिलोची आज्ञा पुन्हा द्यावी लागे, यादी नव्यानं करून घ्यावी लागे. ते राहिलं की पुढच्या वेळी संगणक अडला.

पण लिलोची एक गोष्ट मला फार आवडते. तो आपलं नाव एकेक अक्षर करून पडद्यावर उमटवी. एकेक पायरी पार पडली की एकेक रोमन अक्षर. चारही उमटली म्हणजे सगळं ठीक. दोनच उमटून थांबली तर समजायचं की दुसरा तुकडा सापडला, पण चालला नाही. मूल धडा वाचताना कुठल्या अक्षरावर अडलं, यावरून त्याला काय येत नाही ते मास्तरला कळतं, तसंच हे!

१९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी 'ग्रब' लिहायला घेतला, तो 'हर्ड' नावाची दुसरीच प्रणाली सुरू करण्यासाठी. १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग झाला. ग्रबला फाइली वाचता येत. माणसाचं नाव सांगितलं की तो घर शोधून काढी. कुठली प्रणाली सुरू करायची त्याची यादी 'मेनू डॉट एलएसटी' नावाच्या साध्या फाइलीत लिहिलेली असे, आणि ती तो दर वेळी ताजी वाचे. यादी चुकली असली तरी सुरू होतानाच त्याला हातानं आज्ञा देता येई. पुढे २००२च्या सुमारास योशिनोरी ओकुजी यांनी हे सगळं नव्यानं लिहायला घेतलं. त्यातून 'ग्रब २' तयार झाला. ऑक्टोबर २००९च्या उबुंटू ९.१० मध्ये आणि फेब्रुवारी २०११च्या डेबियन ६ मध्ये तो नेहमीचा लोडर म्हणून आला. जुना ग्रब मागे पडला.

आता या इतिहासात मी कुठे येतो ते सांगतो.

माझ्याकडे २००३ साली घेतलेला एक संगणक होता. त्यावर विंडोज ९८ आणि मराठी फाँटचं एक पॅकेज. त्या काळी युनिकोड आपल्याकडे रुळलेला नव्हता. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आणि 'मंगल' फाँट आले होते खरे, पण आमच्याकडचे छापखाने आणि डीटीपीवाले आपापल्या जुन्या फाँटांवरच काम करत. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडे उघडलं की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. माझ्या पॅकेजला प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं एक लॉक होतं. ते खोचलेलं नसलं तर पॅकेज उघडतच नसे.

त्या संगणकावर मी आमच्या तालुक्यातल्या चौदा वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. विषय हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, हे पुस्तकात एका ओळीत येतं. पण रझाकारांच्या भीतीनं रात्रीतून गाव सोडून सरहद्दीपलीकडे, बुलढाण्याच्या बाजूला देऊळगाव राजाकडे गेलेल्या बाईनं सोबत काय नेलं, जनावरांचं काय केलं, परत आल्यावर घरात काय सापडलं, हे पुस्तकात येत नाही. एक आजी म्हणाल्या होत्या, "गुरुजी, दळण जात्यावर तसंच ठिवलं आन निघालो." ते वाक्य मी जसंच्या तसं टाइप केलं. २०११ पर्यंत त्या चौदांपैकी नऊ जण गेले होते.

त्याच संगणकाच्या दुसऱ्या भागात मी डेबियन बसवून घेतलं होतं. नवं लिखाण तिकडे युनिकोडमध्ये करायचो. म्हणजे एका पेटीत दोन काळ नांदत होते, आणि कुठल्या काळात जायचं ते ग्रबच्या यादीत बाण वर-खाली करून ठरवायचं. आता डेबियन ६ वर जायचं तर लोडरही बदलणार. लोडर बिघडला तर? मजकूर डिस्कवर राहील, त्याची सीडीही करून ठेवलेली होती. पण तो वाचणारं पॅकेज त्या विंडोजमध्ये आणि त्या लॉकवर अडकलेलं. दार बंद झालं की आतल्या वस्तू शाबूत असून काय उपयोग?

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. सुट्टीत आला तेव्हा त्याला बसवलं. त्यानं दोन-चार गोष्टी सांगितल्या आणि मी त्या माझ्या, म्हणजे मास्तरकीच्या, भाषेत वहीत उतरवून घेतल्या.

पहिली गोष्ट मोजणीची. जुना ग्रब डिस्कही शून्यापासून मोजे आणि तिचे भागही शून्यापासून. ग्रब २ डिस्क शून्यापासून मोजतो, पण भाग एकपासून. म्हणजे विंडोजचा जो भाग जुन्या यादीत 'शून्य, शून्य' होता, तो नव्या यादीत 'शून्य, एक' झाला. जागा तीच, नाव बदललं. जुनी ओळ तशीच उतरवली असती तर नवा लोडर नसलेल्या भागाचं दार ठोठावत बसला असता.

दुसरी गोष्ट यादीची. जुनी यादी थेट हातानं लिहायची असे. नव्या 'ग्रब डॉट सीएफजी' फाइलीच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की ही हातानं बदलू नका. बदल करायचा तो दुसऱ्या फाइलींत, आणि मग 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यायची. ती यादी नव्यानं तयार करून देते. मला हे लगेच पटलं. निकालपत्रकावर खाडाखोड करायची नसते, गुण बदलायचे असतील तर गुणांच्या नोंदवहीत बदलायचे आणि निकाल पुन्हा काढायचा. आमच्या विंडोज ९८ची नोंद म्हणूनच आम्ही '४०_कस्टम' नावाच्या फाइलीत हातानं लिहिली. हातच्या नोंदींसाठी ती राखून ठेवलेली असते.

तिसरी गोष्ट ओळखीची. लिनक्समध्ये डिस्कचं नाव कधी 'एचडीए', कधी 'एसडीए' असं बदलू शकतं. म्हणून प्रत्येक भागाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, तो सहसा बदलत नाही. शाळेत हजेरीचा क्रमांक दर वर्षी बदलतो, पण दाखल-खारीज रजिस्टरचा क्रमांक मुलगा शाळा सोडेपर्यंत तोच. पन्नास वर्षांनी दाखला मागायला आला तरी त्याच क्रमांकावरून सापडतो. नवा ग्रब रजिस्टरचा क्रमांक बघतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. डेबियनवाल्यांनी जुन्या ग्रबला एकदम हाकललं नव्हतं. नवा ग्रब बसवताना ते जुन्याच्या यादीत एक जास्तीची ओळ घालत : 'इथून ग्रब २ कडे जा'. म्हणजे संगणक सुरू करायचा जुन्यानंच, आणि त्यानं आपल्या हातानं नव्याकडे कारभार सोपवून बघायचा. नव्याला जमलं तर ठीक, नाही जमलं तर संगणक बंद करून पुन्हा जुन्याच्या यादीतून आत शिरता येई. नव्याची खात्री पटली की मग वेगळी आज्ञा द्यायची आणि तेव्हा कुठे त्या ४४६ बाइटांत नवा बसायचा.

पहिल्याच वेळी नव्या ग्रबनं डेबियनही उघडलं आणि विंडोजही.

"सर, झालं की. आता जुनं उडवू का?" पोरगा म्हणाला.

"नको रे. राहू दे चार दिवस."

"पण चालतंय ना, सर!"

"चालतंय म्हणूनच राहू दे. घाई काय आहे?"

चार दिवस मी रोज दोन्हीकडे जाऊन आलो. आजींची जात्याची आठवण उघडून बघितली. मग शेवटची आज्ञा दिली. ती मी स्वतः टाइप केली, एका बोटानं.

पुढची दोन वर्षं तो मजकूर जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणण्यात गेली. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला जोडाक्षरं आणि रफार सांभाळता येत नसत, म्हणून ओळ न् ओळ मूळ प्रतीशी ताडून बघावी लागली. एका बाजूला विंडोज ९८ मध्ये वाचायचं, छापून घ्यायचं, मग इकडे येऊन दुरुस्त करायचं. दिवसातून दोन-तीनदा बाण वर-खाली. २०१४ मध्ये तो संगणक कायमचा बंद पडला. तोवर चौदाही आठवणी बाहेर आलेल्या होत्या. आज त्या चौदांपैकी कुणीही हयात नाही.

नंतर जग पुढे गेलं. लिलोचं काम २०१५च्या अखेरीस थांबलं. बायोसच्या जागी 'यूईएफआय' आलं. आता ४४६ बाइटांची काटकसर उरली नाही. डिस्कवर एक वेगळा भागच राखलेला असतो आणि त्यात लोडरच्या फाइली सुखानं राहतात. २०१२च्या विंडोज ८ पासून 'सिक्युअर बूट' रूढ झालं. म्हणजे लोडरवर ओळखीच्या किल्लीची सही असल्याखेरीज यंत्र त्याला आत घेत नाही. पूर्वीचा दोन बाइटांचा शिक्का कुणीही मारू शकत होतं, ही सही तशी नाही. याची गरज आहे. २०२० मध्ये ग्रब २ मध्येच 'बूटहोल' नावाची मोठी भगदाडं सापडली होती. पण बहुतेक यंत्रांत किल्ली असते ती मायक्रोसॉफ्टची, आणि लिनक्सवाल्यांनाही त्यांच्याकडून सही घेऊन यावं लागतं. संगणकावर निदान ही सोय सहसा बंद करता येते किंवा स्वतःची किल्ली घालता येते. बऱ्याचशा मोबाइलांत तेही करू देत नाहीत. वस्तू आपल्या पैशाची, पण ती कुणाच्या हुकमानं जागी होईल हे ठरवणारा दुसराच. डेबियनच्या त्या जास्तीच्या ओळीत जुना, नवा आणि मालक तिघांचाही मान राखलेला होता. मोबाइलच्या कुलपात मालकाचा मान कुठे राहिला, हे मला तरी दिसत नाही.

असो. एक काम सांगतो आणि थांबतो. शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, जुन्या छापखान्यांच्या खोल्यांत कोपऱ्यात संगणक पडलेले असतात. 'सुरू होत नाही' म्हणून पांढरी चादर टाकून ठेवलेले, भंगारवाल्याची वाट बघत. त्यातल्या कित्येकांचा फक्त सुरुवातीचा कागद हरवलेला असतो. पुढची सगळी डिस्क, तिच्यातले अहवाल, स्मरणिका, कुणाकुणाच्या आठवणी जागच्या जागी असतात. भंगारात देण्याआधी निदान डिस्क काढून कुणा जाणत्या पोराला दाखवा. एखादी लिनक्सची सीडी किंवा पेनड्राइव्ह लावून तो तासाभरात सांगेल की आत काय आहे. आणि जुन्या फाँटचं लॉक ड्रॉवरमध्ये सापडलं तर तेवढं टाकून देऊ नका.